थायलंडमध्ये राहायचं तर: तारखा घट्ट, आवाज मऊ

थायलंडमध्ये सरकारी तारीख चुकली की दंड ठरलेला असतो. माणसांशी वागताना झालेली चूक मात्र कुणी तोंडावर सांगत नाही, ती नुसती लक्षात ठेवली जाते. आपली सवय बरोबर उलटी: कागदपत्रं "बघू पुढच्या आठवड्यात" आणि बोलणं "स्पष्ट सांगतो, राग मानू नका". नोकरीसाठी बँकॉकला जाणाऱ्या मराठी माणसाच्या निम्म्याहून जास्त अडचणी इथून सुरू होतात. म्हणून आधी कागद, मग माणसं.

पहिला महिना कागदांचा

बँकॉकला उतरण्याआधीच्या तीन दिवसांत टीडॅक, म्हणजे डिजिटल आगमन कार्ड, ऑनलाइन भरायचं. 1 मे 2025 पासून जुन्या कागदी टीएम-6 फॉर्मच्या जागी हे आलं. ते फुकट आहे. गूगलवर शोधल्यावर सगळ्यात वर दिसणाऱ्या आणि पैसे मागणाऱ्या साइट सरकारी नसतात. सरकारी पत्त्यात 'गो डॉट टीएच' असतं. सुट्टी संपवून परत येताना दर वेळी ते नव्याने भरावं लागतं.

घरात राहायला गेलात की 24 तासांत टीएम-30 ही नोंद व्हायला हवी. कायद्याने ती घरमालकाने करायची आहे, पण नसल्याचा त्रास भाडेकरूलाच होतो, आणि तोही थेट व्हिसाच्या मुदतवाढीच्या काउंटरवर. त्यामुळे करारावर सही करण्याआधीच मालकाला विचारा आणि नोंदीच्या पावतीचा फोटो मागून घ्या. लागतं काय, तर भाडेकरार, मालकाच्या ओळखपत्राची प्रत, 'थाबियन बान' म्हणजे घराच्या नोंदवहीची प्रत आणि तुमचा पासपोर्ट. मालक टाळाटाळ करत असेल तर बहुधा त्याला भाड्याचं उत्पन्न करात दाखवायचं नसतं. असं घर कितीही छान असलं तरी सोडून द्यावं.

मग नव्वद दिवसांची हजेरी, टीएम-47. देशात सलग 90 दिवस झाले की आपला पत्ता इमिग्रेशनला कळवायचा. तारखेच्या 15 दिवस आधीपासून 7 दिवस नंतरपर्यंत हे करता येतं. त्यानंतर गेलात तर 2000 बाट दंड. मध्येच देशाबाहेर जाऊन आलात तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. व्हिसाच्या मुदतीशी या हजेरीचा काही संबंध नाही. हजेरी दिली म्हणजे व्हिसा वाढला, असं समजून राहणारे लोक दर वर्षी निघतातच. ऑनलाइन अर्ज पहिल्या दोन-तीन दिवसांत टाकावा, म्हणजे तो नाकारला गेला तरी प्रत्यक्ष कार्यालयात जायला वेळ उरतो.

सगळ्यात महागात पडते ती री-एंट्री परमिटची, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याच्या परवान्याची चूक. नोकरीच्या जोरावर 1900 बाट भरून वर्षाची मुदतवाढ मिळते, पण परमिट न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं की ती मुदतवाढ रद्द होते आणि व्हिसाची सगळी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागते. एका फेरीचं परमिट 1000 बाटचं, कितीही फेऱ्यांचं 3800 बाटचं. म्हणजे वर्षात चार वेळा बाहेर जाणार असाल तर दुसरं स्वस्त. घरून अचानक फोन येतो आणि रात्रीच्या विमानाने निघावं लागतं, अशा वेळी हे आठवत नाही. मुदतवाढीचा शिक्का पडला त्याच दिवशी त्याच इमारतीत परमिटही काढून टाकावं.

मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दिवसाला 500 बाट, कमाल 20,000. पैशांनी हे भागतं ते स्वतःहून विमानतळावर गेलात तर, आणि तेही उशीर 90 दिवसांच्या आत असेल तर. मध्येच पोलिसांनी पकडलं तर थोड्या दिवसांच्या उशिरालाही पाच वर्षं प्रवेशबंदी होऊ शकते. नोकरी सुटली तर मुदतवाढही नोकरीबरोबरच संपते, त्यामुळे राजीनामा देताना शेवटचा दिवस कोणता, हे लेखी घ्या आणि नवी कंपनी कोणत्या दिवसापासून कागद सुरू करते ते आधी ठरवा.

काउंटरवरचे बारकावेही सांभाळावे लागतात. झेरॉक्सच्या प्रत्येक पानावर सही लागते आणि ती निळ्या शाईने करावी, कारण काळी सही झेरॉक्सचीच वाटते. दुपारी 12 ते 1 बहुतेक खिडक्या बंद असतात. हाफ पँट आणि चपला घालून जाऊ नका. एखादा कागद कमी निघाला तर "मागच्या वेळी तर लागला नव्हता" हा वाद तिथे कुणी जिंकलेलं नाही. हसून "खॉ थोत" म्हणायचं, काय हवं ते लिहून घ्यायचं आणि तळमजल्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जायचं.

तारखांचं आणखी एक: थायलंडमध्ये बौद्ध संवत चालतो, तो इसवी सनापेक्षा 543 वर्षांनी पुढे. 2026 म्हणजे 2569. दुधाच्या पिशवीवर, औषधाच्या पट्टीवर, विम्याच्या कागदावर नुसतं "69" दिसलं तर त्यातून 43 वजा करा. वेळेचंही वेगळं गणित आहे. संध्याकाळी सातला 'नुंग थुम' म्हणजे पहिला थुम, आठला 'सोंग थुम', असं रात्री अकरापर्यंत. पहाटेचे तास 'ती' लावून मोजतात: 'ती सोंग' म्हणजे पहाटेचे दोन. दुपारचे दोन 'बाय सोंग'. प्लंबर "सोंग"ला येतो म्हणाला तर आधी कोणता सोंग ते विचारून घ्या.

घर

एक वर्षाचा करार, दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं, हा सर्वसाधारण रिवाज. डिपॉझिट परत मिळवण्याची तयारी पहिल्याच दिवशी करायची. सामान आत नेण्याआधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा. फरशीवरचे ओरखडे, बाथरूमच्या काचेवरचे पांढरे डाग, सोफ्याची खालची बाजू, विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचे आकडे. तो त्याच दिवशी मालकाला 'लाइन'वर पाठवा. तिथे व्हॉट्सॲप कुणी विचारत नाही. घरमालक, कुरिअरवाला, दवाखाना, ऑफिस सगळं 'लाइन' ॲपवर चालतं, आणि तिथला तारीखवार मेसेज हाच पुढे तुमचा पुरावा.

विजेचा दर करारात लिहून घ्या. कॉन्डोमध्ये, म्हणजे प्रत्येक फ्लॅटचा मालक वेगळा असलेल्या इमारतीत, बिल थेट वीज मंडळाकडून येतं. एकाच मालकाच्या अपार्टमेंट इमारतीत मालक स्वतःचा दर लावतो आणि तो युनिटला 7-8 बाटपर्यंत असतो, सरकारी दरापेक्षा बराच चढा. एसी दिवसरात्र चालतो, त्यामुळे स्वस्त वाटलेलं भाडं एप्रिलमध्ये स्वस्त राहत नाही. एसीची साफसफाई किती महिन्यांनी आणि कुणाच्या खर्चाने, हे कलमही वाचा. ती केल्याची पावती नसेल तर डिपॉझिटमधून पैसे कापतात.

आता फोडणीचा प्रश्न. भारतीय भाडेकरू नको म्हणणारे मालक भेटतात आणि त्याचं मोठं कारण स्वयंपाकाचा वास हेच असतं. कॉन्डोतलं स्वयंपाकघर बहुतेक उघडं, हॉलला लागून. वरची चिमणी कित्येकदा धूर बाहेर टाकतच नाही, जाळीतून फिरवून पुन्हा घरातच सोडते. गॅस सिलिंडरला सहसा बंदी, म्हणजे इंडक्शनची शेगडी. घर बघताना चिमणीचा पाइप खरंच बाहेर जातो का, ते वर हात घालून पाहा आणि दार लागणारं बंद स्वयंपाकघर मिळत असेल तर त्यासाठी थोडं जास्त भाडंही द्या. हिंग-मोहरी-लाल मिरचीची फोडणी करताना कॉरिडॉरचं दार बंद आणि बाल्कनीचं उघडं ठेवावं. कढईखालची आच मध्यम ठेवली तर मिरचीचा ठसका शेजारच्या घरात जात नाही. शेजारी दार वाजवून तक्रार करत नाहीत. ते 'निती'कडे, म्हणजे इमारतीच्या व्यवस्थापन कार्यालयाकडे जातात आणि तिथून गोड भाषेतली चिठ्ठी येते. ती चिठ्ठी शेवटची सूचना समजावी.

बोलणं आणि न बोलणं

आवाज चढवला की तिथे तुमची बाजू संपली. समोरचा चुकला असला, तुमचे पैसे अडकलेले असले, तरी. चारचौघांत ओरडणारा माणूस थाई नजरेत स्वतःवर ताबा नसलेला ठरतो आणि ज्याच्यावर ओरडला त्याची लाज गेलेली असते. त्यानंतर तुमचं काम अडत नाही, पण होतही नाही. कधी कुणी "जाय येन येन" म्हणालं तर तो शांत व्हायचा सल्ला आहे आणि तो उशिरा मिळालेला असतो.

ऑफिसात सगळ्यात जास्त फसवतो तो होकार. पुरुषांचं 'क्रप' (रोजच्या बोलण्यात नुसतं 'खाप') आणि बायकांचं 'खा' म्हणजे "ऐकलं", "कबूल" नव्हे. म्हणून "शुक्रवारपर्यंत होईल ना?" असं विचारायचंच नाही, उत्तर 'खाप'च येणार. "यात कोणकोणती कामं राहिली आहेत? आधी कोणतं घेणार?" असं विचारलं की खरी स्थिती बाहेर येते. "बघू या", लांबलेली शांतता किंवा विषय बदलून आलेलं हसू यांचा अर्थ नकार. साहेबांची चूक मीटिंगमध्ये दाखवू नका. नंतर एकट्याला 'लाइन'वर, प्रश्नाच्या रूपात लिहा. हाताखालच्या माणसाची चूकही अशीच, बाजूला घेऊन सांगायची. यामागे 'क्रेंग जाय' नावाची वृत्ती आहे: आपल्यामुळे दुसऱ्याला अवघडल्यासारखं होऊ नये. आपल्याकडचा संकोच याच्या जवळ जातो, फक्त तिथे तो वरिष्ठांनाही लागू असतो.

हाक मारताना आडनाव वापरत नाहीत. औपचारिक बोलताना 'खुन' आणि पुढे पहिलं नाव. तुमच्याहून मोठ्यांना 'फी', लहानांना 'नॉंग', आपल्या दादा-ताईसारखं. वेटरलाही वयानुसार हेच. यामुळेच नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत वय विचारतात, त्यात आगाऊपणा नसतो. प्रत्येकाला आखूड टोपणनाव असतं आणि ऑफिसात तेच चालतं. तुमचं नाव पुरुषोत्तम असेल तर दोन अक्षरांचं काहीतरी स्वतःच सुचवा, नाहीतर ते लोक सुचवतील.

नमस्कार, म्हणजे 'वाय', लहानाने आधी करायचा. वयाने किंवा हुद्द्याने मोठ्यांसाठी अंगठे हनुवटीपाशी, आईवडील-शिक्षकांसाठी नाकापाशी, भिक्खूंसाठी भुवयांच्या मध्ये, आणि सोबत मान लवते. दुकानदार, वेटर किंवा लहान मुलाने केला तर हसून मान हलवणं पुरे. सगळ्यांना वाकून नमस्कार करत सुटलेला परदेशी माणूस त्यांना गमतीचा वाटतो. डोक्याला हात लावायचा नाही, लहान मुलाच्या कौतुकानेही नाही. पाय कुणाकडे किंवा बुद्धमूर्तीकडे रोखायचे नाहीत, बसलेल्याला ओलांडायचं नाही, चपला बाहेर. हे शेवटचं सगळं घरी शिकलेलंच आहे. बायकांनी भिक्खूंना स्पर्श करू नये, वस्तूही थेट हातात देऊ नये.

सुट्टीवरून परतताना ऑफिससाठी 'खॉंग फाक', म्हणजे गावाहून आणतात तसा खाऊ, आणावाच लागतो. एकेक वेष्टनात बांधलेला असावा आणि पँट्रीच्या टेबलावर ठेवून द्यावा. शेंगदाण्याची चिक्की हातोहात जाते, कारण तिथेही तशीच 'थुआ तात' मिळते. हिंगाचा वास मारणारी शेव उरते.

ताटात काय येतं

शाकाहारी माणसाने एक गोष्ट आधी पाठ करावी. 'नुआ' म्हणजे मांसही आणि गोमांसही, आणि हॉटेलात नुसतं 'नुआ' म्हटलं की गोमांसच समजतात. "नुआ खात नाही" सांगितलंत तर ते डुकराचं मांस घालून आणतील आणि त्यांचं काही चुकलेलं नसेल. नेमका शब्द 'जे': मांस, मासे, अंडी, दूध आणि कांदा-लसूणही नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं दिसली की ते 'जे' दुकान. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, साधारण ऑक्टोबरच्या आसपास, नऊ दिवस असे झेंडे गल्लोगल्ली लागतात. जैन मंडळींचीही तेव्हा बऱ्यापैकी सोय होते, कंदमुळांचं तेवढं विचारून घ्यावं लागतं. अंडं-दूध चालत असेल तर 'मांगसविरत' म्हणा.

साध्या हॉटेलात भाजीत मांस नसलं तरी फिश सॉस असतोच. "माय साय नाम प्ला" म्हणजे फिश सॉस नको, "माय साय नाम्मान हॉय" म्हणजे ऑयस्टर सॉस नको, "माय साय कुंग हेंग" म्हणजे सुकट नको. 'सोमताम' या पपईच्या कोशिंबिरीसाठी पहिलं आणि तिसरं दोन्ही लागतात. करीच्या वाटणात कोळंबीची 'कापी' आधीच कुटलेली असते, ती काढून देता येत नाही; त्यामुळे लाल-हिरवी करी शाकाहारी सांगून मागवण्यात अर्थ नाही, ती 'जे' दुकानातच खावी. सूपचं पाणी हाडांचं असतं.

उच्चारात मात्र मराठी माणूस इंग्रज-अमेरिकनांच्या पुढे असतो. क-ख, त-थ, प-फ यांतला फरक आपल्या जिभेवर आहे आणि थाईत तो अर्थ बदलतो: 'काय' म्हणजे कोंबडी, 'खाय' म्हणजे अंडं, सूर दोन्हींचा एकच. इंग्रजी अक्षरांतलं 'पीएच' हे ओठ मिटून म्हणायचं आपलं फ आणि 'टीएच' म्हणजे थ, असं वाचलं की निम्मं काम होतं. थाई लिपीही पल्लव लिपीपासून ख्मेरमार्गे आलेली, वर्णमाला क-ख-ङ अशाच क्रमाने जाते. रोज चार अक्षरं घेतली तर तिसऱ्या महिन्यात बसच्या पाट्या लागतात.

जेवताना चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात. काट्याने फक्त ढकलायचं, तोंडात चमचाच जातो. पदार्थ मध्ये ठेवतात. एका वेळी एक-दोन चमचेच घ्यायचे, आपल्या ताटात ढीग करून घ्यायचा नाही.

'खेक' म्हणून

गोऱ्यांना 'फरांग' म्हणतात, तसं भारतीय, अरब आणि मलय मुसलमान अशा सगळ्यांना 'खेक'. शब्द मुळात पाहुण्याचा, पण सूर पाहून तो साधा किंवा टोचणारा होतो. पाठीमागे लागणारी नावं ठराविक आहेत: खूप घासाघीस करतात, मोठ्याने बोलतात, घोळक्याने येतात. यावर भाषण देऊन उपयोग नाही, वागणं बदलून मात्र लवकर फरक पडतो. किंमत लिहिलेली असेल तिथे भाव करू नका. बाजारात दहा-वीस टक्के कमी मागा, नाही म्हणाले तर हसून पुढे जा. अर्ध्या किमतीपासून सुरुवात करणं तिथे अपमान आहे. स्कायट्रेनमध्ये फोन स्पीकरवर लावून घरच्यांशी बोलू नका. ऑफिसातल्या थाई बायका मोकळेपणाने हसतात-बोलतात, त्याचा भलता अर्थ काढणाऱ्यांमुळे बाकीच्यांनाही संशयाने पाहिलं जातं.

गणपती मात्र तिथे दारं उघडतो. 'फ्रा फिकानेत' म्हणून थाई लोक त्याला मनापासून मानतात. सरकारी ललित कला विभागाच्या बोधचिन्हावर तोच आहे, बँकॉकमध्ये हुआय ख्वांगच्या चौकात आणि सेंट्रल वर्ल्ड मॉलबाहेर त्याची देवळं आहेत. सीलोम रस्त्यावरच्या तमिळांनी बांधलेल्या मारिअम्मन देवळात भारतीयांपेक्षा थाई भक्त जास्त दिसतात. आत फोटो काढायला बंदी आहे. त्यांची पूजेची रीत वेगळी. "आमच्याकडे असं करत नाहीत" हे वाक्य गिळावं. इमारतीपुढच्या छोट्या भूतघरापाशी, म्हणजे जागेच्या रक्षक देवतेच्या देवळीपाशी, लाल फँटाची बाटली दिसली तर तो नैवेद्य आहे, हात लावू नका. हिंग, डाळी, कढीपत्ता फाहुरातच्या भारतीय बाजारात मिळतो.

ज्यात सूट नाही

राजघराण्याबद्दल टीका, विनोद, मीम काहीही नको, 'लाइन'च्या खासगी गटातही नको. कलम 112 खाली प्रत्येक गुन्ह्याला 3 ते 15 वर्षं तुरुंगवास आहे. सकाळी 8 आणि संध्याकाळी 6 वाजता स्टेशनात किंवा बागेत राष्ट्रगीत लागलं की जिथे असाल तिथे थांबा. नोट उडाली तर पायाने दाबून धरू नका, तिच्यावर राजाचं चित्र आहे. ई-सिगारेट आणि वेप नेऊ नका. आयात आणि विक्री दोन्ही बेकायदा आहेत आणि जवळ सापडली तरी पोलिसांशी गाठ पडते. कामाच्या परवान्यात (वर्क परमिट) लिहिलेल्या नोकरीखेरीज दुसरं काम, पगार मिळो न मिळो, करू नका. परवान्याविना काम केल्यास 5,000 ते 50,000 बाट दंड आणि हद्दपारी.

तब्येतीसाठी रुग्णवाहिका 1669, पोलीस 191, इंग्रजीतून बोलायचं तर पर्यटक पोलीस 1155. पगारातून सामाजिक सुरक्षेचे 5 टक्के, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, कापले जातात आणि त्यावर उपचार मिळतात, पण एरवी फक्त नोंदवलेल्याच रुग्णालयात. त्यामुळे रुग्णालय निवडताना नावापेक्षा घरापासूनचं अंतर बघा. स्कूटर भाड्याने घेण्याआधी परवाना तपासा. भारतातून काढलेल्या आंतरराष्ट्रीय परवान्यावर मोटरसायकलच्या रकान्यात शिक्का नसेल तर चारचाकीचा शिक्का चालत नाही, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी सगळ्यात आधी तोच रकाना बघते.